संग्रामपूरची लाइन आणि आमचे इवाई

लांबून आलेल्या शब्दावर आमच्या इवायांइतका अविश्वास असलेला माणूस सातपुड्याच्या पायथ्यापासून दुसरबीडपर्यंत शोधला तरी दुसरा सापडायचा नाही. आणि गंमत अशी की या गृहस्थांनी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात केली. व्याह्याला आमच्या वऱ्हाडात इवाई म्हणतात. माझी लेक त्यांच्या घरात दिली, तेव्हापासून हा माणूस माझ्या नशिबी आला आणि अजून आहे. उन्हापावसात खांबांवर चढून त्यांनी तालुक्यातली किती घरं एकमेकांशी जोडून दिली असतील, पण स्वतः फोनचा उपयोग करायचे तो फक्त वर्दी देण्यापुरता. फोन लावायचा, "येऊन राह्यलो" म्हणायचं आणि ठेवून द्यायचा. लग्नाची तारीख ठरली तेव्हा त्यांनी सकाळी नेहमीपेक्षा जास्त वेळ फोन केला, तारीख सांगितली, मुहूर्तही सांगितला. आम्ही घरात पेढे वाटले. दुपारी चारला दारात बघतो तर इवाई उभे, दोन एसट्या बदलून आलेले, भुवयांवर धूळ. "तारीख नक्की झाली," म्हणाले. मी म्हटलं, "इवाई, ते तर सकाळी फोनवर कळलं." "हाव," ते म्हणाले, "तेच सांगाले आलो." चहा घेतला आणि पुढच्या गाडीने परत गेले. माझी बायको तेव्हा म्हणाली की अशा घरात पोरीला काही कमी पडायचं नाही. मला मात्र जरा काळजीच वाटली होती.

पत्राची तीच तऱ्हा. ते पत्र लिहीत, पण टाकत नसत. स्वतः घेऊन जात आणि समोरचा वाचेपर्यंत खुर्चीवर बसून राहत. वाचणाऱ्याचा चेहरा पाहिल्याशिवाय पत्र पोचलं असं त्यांना वाटत नसे. आकाशवाणीवर हवामानाचा अंदाज लागला की एकेका वाक्यानंतर अंगणात जाऊन आभाळ तपासून येत. मुलाने घेऊन दिलेला मोबाइल त्यांनी रुमालात गुंडाळून कपाटात ठेवला होता. रविवारी तो बाहेर निघे, चालू होई, थोडा वेळ टेबलावर पडून राही आणि बंद होऊन परत कपाटात जाई. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "पडून पडून खराब होते. हवा दाखवा लागते."

अशा माणसाच्या घरात आम्ही आमची टेलिफोन लाइन बसवली. मी तेव्हा शेती खात्यातून नुकता निवृत्त झालो होतो. बीटी कपाशीचं बियाणं आलं तेव्हा फवारणीची कटकट गेली म्हणून लोकांनी पंप माळ्यावर टाकले होते. दोनचार हंगाम गेले आणि पंप खाली उतरले. मग एका औषधाने भागेना म्हणून दोन मिसळा, तीन मिसळा असं सुरू झालं. डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत उभं राहून, तोंडाला काही न बांधता, वाऱ्याच्या विरुद्ध फवारणारी माणसं मी रोज पाहत होतो. आम्ही काही निवृत्त मंडळी आणि एक डॉक्टर, अशांनी मिळून एक सोय केली. शेतकऱ्याने एका नंबरवर फोन करायचा. यंत्र फोन उचलणार. फवारणीची माहिती हवी तर एक दाबा, औषध बाधलं असेल तर दोन दाबा, म्हणजे काय करायचं ते डॉक्टरांच्या आवाजात ऐकू येणार. प्रश्न असेल तर बोलून ठेवायचा, मी दुसऱ्या दिवशी उत्तर देणार. हे सगळं चालवणारा सर्व्हर, म्हणजे जरा मोठा कॉम्प्युटरच, संग्रामपुरात इवायांच्या पुढच्या खोलीत ठेवला, कारण तिथली लाइन त्यांनी स्वतः खांबावरून ओढलेली होती आणि ती कधीच मरत नसे. त्यांनी त्याच्यासाठी अंगणात खड्डा खणला, कोळसा आणि मीठ भरून अर्थिंग केलं आणि रोज सकाळी आंघोळ झाली की त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतू लागले. सर्व्हर फोन उचलतो यावर विश्वास नव्हता, म्हणून त्याच लाइनवर खात्याच्या काळातला एक काळा फोनही जोडून ठेवला. घंटी दोनदा वाजली की यंत्र उचलायचं. तेवढ्या दोन घंट्या ते कान लावून मोजत.

मी मात्र बुलढाण्यात. रोज संग्रामपूर गाठणं शक्य नव्हतं, म्हणून तिथल्या सर्व्हरचा पडदा माझ्या पडद्यावर उघडायची सोय करून घेतली होती. तिला रिमोट डेस्कटॉप म्हणतात. पहिल्या दिवशी उघडलं तर आत काहीच नाही. निळा पडदा, कोपऱ्यात घड्याळ, आमच्या प्रोग्रॅमचा पत्ता नाही. इवायांना फोन केला तर म्हणाले, "माह्यासमोर चालू हाय ना." दोघंही खरं बोलत होतो. शेवटी ज्यांनी प्रोग्रॅम बसवून दिला होता त्या पुण्याच्या इंजिनिअर बाईंना विचारलं. त्यांनी फार शांतपणे समजावलं, "काका, तुम्ही घरात गेलात, पण सर्व्हरने तुम्हाला वेगळी रिकामी खोली उघडून दिली. प्रोग्रॅम चाललाय तो कन्सोलवर, म्हणजे सर्व्हरला जोडलेला जो खरा स्क्रीन आहे त्या खोलीत. तिथेच जायचं असेल तर आज्ञेच्या शेवटी 'स्लॅश कन्सोल' लिहा. आणि रिकाम्या खोलीत चुकूनही प्रोग्रॅम दुसऱ्यांदा चालू करू नका. लाइन एकच आहे, दोघं ओढायला लागले तर कोणालाच मिळणार नाही."

मी तसं लिहिलं आणि पडदा उघडला. प्रोग्रॅम, आलेल्या प्रश्नांची यादी, सगळं समोर. अर्ध्या मिनिटात बाहेर फेकला गेलो. पुन्हा गेलो, पुन्हा बाहेर. मला वाटलं जोडणी कच्ची आहे. असं कितीतरी वेळा झालं. त्या वेळी संग्रामपुरात काय चाललं होतं ते नंतर विहीणबाईंकडून कळलं. खऱ्या पडद्याच्या खोलीत एका वेळी एकच माणूस बसू शकतो. मी आत गेलो की इवायांच्या समोरचा पडदा आपोआप बंद होई आणि पासवर्ड मागे. ते पासवर्ड टाकून आत येत की मी बाहेर. "कोणतरी मले ढकलून राह्यलं," असं म्हणत त्यांनी बाह्या वर केल्या होत्या आणि दोन बोटांनी तो पासवर्ड ते अशा काही त्वेषाने मारत होते की विहीणबाई मध्ये पडल्या नाहीत. मी फोन करत होतो तर तो उचलायला त्यांना वेळ नव्हता. लेकीचा सासरा आणि लेकीचा बाप, दोघं मिळून तासभर एकमेकांना खुर्चीवरून ढकलत बसलो होतो.

भांडण मिटलं ते इवायांच्या पद्धतीने. दुसऱ्या दिवशी ते बुलढाण्याला आले आणि म्हणाले, "तुमी इवाई हा. घरात याले तुमाले कोण नाई म्हणते? पण आवाज तं द्या." तेव्हापासून मी आधी घरच्या फोनवर विचारायचो, "इवाई, येऊ का?" ते म्हणायचे, "या." मग ते खुर्चीवरून उठायचे आणि माझं काम होईपर्यंत बाजूला उभे राहायचे. मी बुलढाण्यात बसलेला आहे, त्यांची खुर्ची रिकामी आहे, हे पुष्कळदा सांगून पाहिलं. "पाव्हना बसला असताना घरधन्यानं त्याच्या अंगावर बसू नाई," एवढंच उत्तर. विहीणबाई म्हणायच्या की कधी कधी ते पडद्यावर आपोआप फिरणाऱ्या बाणाकडे बघून हळूच हसायचे.

त्या वर्षी भादव्यात फवारण्यांना जोर आला होता. एका दुपारी मी सर्व्हर उघडायला बसलो. इवाई जेवून पडले असतील, दहा मिनिटांचं काम, कशाला उठवा, म्हणून मी विचारायचं टाळलं. पडदा उघडला तर पुन्हा तीच निळी रिकामी खोली. 'स्लॅश कन्सोल' नीट लिहिलेलं होतं. पुढे कळलं की आदल्या आठवड्यात माझ्या कॉम्प्युटरने आपोआप नवी आवृत्ती चढवून घेतली होती आणि तिच्यात तो शब्द बदलून 'स्लॅश ॲडमिन' झाला होता. जुना शब्द लिहिला तर ती चूकही दाखवत नसे. मुकाट्याने रिकाम्या खोलीत नेऊन सोडत असे. मला त्या क्षणी एवढंच वाटलं की प्रोग्रॅम बंद पडला. बाईंनी बजावलेलं होतं, तरी मी तो चालू केला. दोन प्रोग्रॅम एका लाइनवर आले आणि दोन्ही गोठले. मी हे बटण दाब, ते दाब करत बसलो. घरचा फोन लावला तर तो सारखा गुंतलेला. मोबाइल रुमालात, कपाटात.

संग्रामपुरात काळ्या फोनची घंटी वाजत होती. इवाई पडल्या पडल्या मोजत होते. दोन झाल्या, तीन झाल्या. पाचव्या घंटीला ते उठले आणि त्यांनी फोन उचलला. पलीकडे बाई होती, वरच्या अंगाच्या एका खेड्यातली. नवरा सकाळपासून फवारत होता, तो धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, येऊन पडला, घाम सुटलाय, तोंडातून लाळ गळतेय, ओळख देत नाही. वावरात ती एकटी आणि शेजाऱ्याचा मोबाइल. ती दोन दाबत होती, पुन्हा पुन्हा दोन दाबत होती.

इवायांनी डॉक्टरांचं ते बोलणं इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यांना तोंडपाठ होतं. "माय, आदी त्याचे कपडे काढ," ते म्हणाले. "साबण हाय का? नसन तं नुसत्या पाण्यानं धू. पाजू काही नको. वकारी काढू नको. कुशीवर निजव. दवाईचा डबा हाय नं, तो संग घे." मग म्हणाले, "तुह्या मोबाइलातले पैसे संपतीन, नंबर सांग, मी लावतो." तो नंबर त्यांनी भिंतीवर खिळ्याने कोरला, कारण हाताशी पेन्सिल नव्हती. घरच्या दुसऱ्या फोनवरून तिला लावला आणि विहीणबाईंना चपलाही घालू न देता पिटाळलं, कोपऱ्यावरच्या जीपवाल्याकडे. जीप निघाली. विहीणबाई परत आल्या, त्या म्हणतात की इवायांनी एकदा दाराकडे पाहिलं. जीपबरोबर जायचं त्यांच्या फार मनात होतं. पण फोन ठेवला असता तर ती बाई तिकडे एकटी राहिली असती. ते खुर्ची ओढून बसले आणि जीप पोचेपर्यंत, पाऊण तास, बोलत राहिले.

माणूस वाचला. आधी तालुक्याच्या दवाखान्यात, मग अकोल्याला, पंधरा दिवस लागले, पण आपल्या पायांनी घरी आला.

त्या फोनच्या तिसऱ्या दिवशी इवाई माझ्या दारात. मी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं आणि बायको स्वयंपाकघरात गेल्यावर सांगून टाकलं, "इवाई, लाइन माझ्यामुळे बंद पडली. मी न विचारता आलो आणि दुसऱ्यांदा चालू केली." ते पाणी पीत होते. पेला खाली ठेवून म्हणाले, "मले मालूम हाय. संध्याकाळी पाह्यलं, दोन दोन चालू होते. तुमच्या नावानं." मी विचारलं, "घरात सांगितलंत का?" "काऊन सांगू?" ते म्हणाले. "लेक हाय तुमची त्या घरात." जाताना पायरीवर थांबले. "पुढच्या वक्ती निजलो असलो तरी उठवजा."

ती लाइन पुढे काही वर्षं चालली. मग प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला, सल्ला देणारे पुष्कळ झाले, आमचे डॉक्टर गेले आणि आम्ही ती बंद केली. इवाई आता थकले आहेत. उजव्या कानाने ऐकू येत नाही, डाव्यानेही बेताचंच. फोनवर आता त्यांच्याशी बोलताच येत नाही. मध्यंतरी संग्रामपूरला गेलो तेव्हा अंगणात त्यांच्या डाव्या बाजूला बसून मी मोठ्याने विचारलं, "इवाई, त्या दिवशी पाऊण तास त्या बाईशी काय बोललात?"

त्यांनी थोडा विचार केला.

"तिनंच सांगतलं सारं. म्हैस व्याले झालती. गोठ्यात एकटी हाय, तिले टाकून जीपीत कशी बसू म्हणे. मंग मी म्हटलं, तू बस माय, म्हशीचं मी पाहतो."

"आणि मग?"

"मंग काय," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी पहाटंच्या गाडीनं गेलो ना. तथीच राह्यलो रातभर."

इतक्या वर्षांत त्यांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं. विहीणबाई हातातलं सूप तसंच धरून आमच्याकडे बघत राहिल्या.

"वगार झाली," इवाई म्हणाले. "कपाळावर टिक्का होता पांढरा." आणि रिकाम्या रस्त्याकडे बघत, ऐकू न येणाऱ्या कानावरून सावकाश हात फिरवत बसले.