कुंकू लावलेला मिक्सर

गेल्या महिन्यात आई आमच्या सावेडीच्या फ्लॅटवर आली ती मिक्सरचा खोका घेऊनच. पारनेरच्या पुढे आमचं गाव आहे... तिथून एसटीत आख्खा रस्ता तो खोका तिने मांडीवरून खाली ठेवला नव्हता म्हणे.

आमच्या नव्या घरासाठी तिने स्वतः मोबाईलवरून मागवलेली ही पहिली वस्तू. चांगल्या नावाजलेल्या कंपनीचा मिक्सर, तोही कुणाला न विचारता... माझ्या वडिलांना, आप्पांनासुद्धा नाही. जिना चढतानाची तिची ऐट बघण्यासारखी होती.

खोका उघडला तर मिक्सरवर कुंकवाचं भलंमोठं स्वस्तिक, बाजूने हळदीची बोटं आणि भांड्यात अक्षता... आमच्याकडे नवीन वस्तूची पूजा झाल्याशिवाय तिला कुणी हात लावत नाही. विहिरीवरची मोटर असो, आप्पांची मोटरसायकल असो, नाहीतर माझा कॉलेजातला कॅल्क्युलेटर असो... सगळ्यांनी आईकडून कुंकू लावून घेतलेलं आहे.

त्याच दुपारी हौसेने शेंगदाण्याची चटणी करायला घेतली. जरासा फिरवला तोच जळका वास... मग धूर. दुसऱ्या दिवशी मी तो स्कूटरवर घालून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेला, तर तिथल्या माणसाने खालचा नंबर तपासून सांगितलं की हा आमचा नाहीच. कंपनीचं नुसतं नाव, आतला सगळा माल डुप्लिकेट.

आईला सांगायचं जिवावर आलं होतं, पण सांगितलं. तिने आपला मोबाईल पिशवीत पार तळाशी घातला आणि मेथी निवडायला बसली... निवडता निवडता म्हणाली, "मला न्हाई गं जमायचं हे. लेकीला द्यायचा म्हनून हौसेनं घेतला, आन त्यो बी खोटा निघाला."

खरं सांगू, मला पैशांपेक्षा तो तळाशी गेलेला मोबाईल जास्त लागला. बाजारात नुसत्या नजरेने वांगी पारखणारी माझी आई... तिचाच स्वतःवरचा विश्वास उडालेला मला बघवेना. काहीही करून रिफंड मिळवायचा, असं मी ठरवलं.

आईने ज्या ॲपवरून मागवला होता तिथे रिटर्नची रिक्वेस्ट टाकली, फोटो पाठवले. उत्तर आलं... वस्तू वापरलेली आहे, तिच्यावर डाग आहेत, परत घेता येणार नाही. आमच्या कुंकवाला ते डाग म्हणत होते.

मी ते मोठ्याने वाचलं तेव्हा आईनेही ऐकलं असणार. संध्याकाळी बघते तर ती बाथरूममध्ये पाटावर बसलेली, समोर मिक्सर आणि हातात खोबरेल तेलाचा बोळा. आपल्या हाताने लावलेलं कुंकू आपल्याच हाताने काढत होती, आणि पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये मुरलेली लाली काही निघत नव्हती. मला एकदम रडू आलं. तो बोळा मी तिच्या हातातून काढून घेतला.

मग त्या ॲपच्या कस्टमर केअरला फोन केला. पलीकडची मुलगी शांत होती. तिचं म्हणणं, खोका उघडतानाचा व्हिडीओ असेल तर काहीतरी करता येईल... आता गावाकडे असला व्हिडीओ कोण कशाला काढतंय? मी नाही म्हणाले आणि फोन ठेवला.

रात्री जेवताना आप्पांचा फोन आला, त्यांच्यापाशी मन मोकळं केलं. आप्पा म्हणजे एकदम थंड डोक्याचा माणूस. म्हणाले, "व्हिडीओ व्हय? हाय की माज्याकडं. पूजेचा काढला हुता गुरुपवर टाकायला, पर रेंजच नव्हती."

मी तर कपाळावर हात मारून घेतला. बिचारे सकाळी उठून टाकीपाशी गेले, जिथे रेंज येते, आणि तिथून त्यांनी तो पाठवला.

त्यात सगळं होतं. न उघडलेला खोका, त्यावरचं आईचं नाव, विळ्याने टेप कापणारा तिचा हात... मग हळद, मग कुंकू. आणि शेवटी, आपला आवाज रेकॉर्ड होतोय हे माहीतच नसलेली आई मिक्सरला हात जोडून हळूच म्हणत होती, "माज्या पोरीच्या घरी नीट चाल बाबा. नोकरी करून लई दमती ती... तिच्या हाताला जरा इसावा दे."

तो व्हिडीओ मी किती वेळा बघितला ते विचारू नका. मग डोळे पुसून कस्टमर केअरला पाठवला.

थोड्या दिवसांनी त्याच मुलीचा फोन आला, रिफंड मंजूर झाला होता. मागच्या वेळी फक्त नियमात बोललेली ती फोन ठेवता ठेवता म्हणाली, आईंना माझा नमस्कार सांगा.

मिक्सर न्यायला कुरिअरवाले काका आले, तर आईने त्यांना दारातच थांबवलं. पूजा केलेली वस्तू अशी उचलून देतात होय? तिने मिक्सरवर अक्षता टाकल्या, गणपती हलवतात तसा तो जागेवरून जरासा हलवला आणि नमस्कार केला... काका पण चपला काढून गुपचूप उभे राहिले.

मी म्हटलं, आई, अगं खोटा आहे तो. ती म्हणाली, "असू दे की. मी हात खरेच जोडले हुते."

काका गेल्यावर तिने पिशवीच्या तळातून मोबाईल काढला, चष्मा लावला आणि सोफ्यावर बसून नवा मिक्सर बघायला लागली. यावेळी विकणाऱ्याबद्दल लोकांनी लिहिलेलं मोठ्याने वाचून घेत होती... आणि आप्पांना फोनवर बजावून झालं होतं की पूजेच्या वेळी मोबाईल चार्ज करून ठेवा.

मिक्सर परत गेला, पैसे परत आले... पण आईने त्याच्याकडे माझ्यासाठी जे मागितलं होतं, ते मात्र मी ठेवून घेतलंय.