बजरंगची भिंत

अफसाना मातीवाल्यांकडे राहायला गेली ती काही शिकायचं म्हणून नव्हे. जिथं पाण्याची मोटर नाही अशी जागा तिला हवी होती.

लोणावळ्यात अशी जागा सापडत नाही. तिचं घर वलवणला. खाली सासूबाई मदिना, वर ती, नवरा शाहबाज आणि मुलगी आयरा. शाहबाज बंगल्यांचे स्विमिंग पूल साफ करायचा. शनिवार-रविवार पाहुणे येऊन गेले की सोमवारी पाण्यावर तेलाचा तवंग, वेफर्सची पाकिटं, कुणाची तरी एक चप्पल. जाळीनं ते सगळं काढायचं, क्लोरीन टाकायचं, मोटर लावून पाणी फिरवायचं. घरी आला की कितीही साबण लावला तरी हाताचा तो उग्र वास जायचा नाही. आयरा लहान असताना त्या वासानंच त्याला ओळखायची.

गेल्या वर्षी एका दुपारी तुंगार्लीच्या बाजूला एका बंगल्यात तो मोटर बंद करायला गेला. फरशी ओली होती, पाय अनवाणी होते, कुठली तरी वायर उघडी पडली होती. माळ्यानं पाहिलं तेव्हा तो गेलेला होता आणि मोटर चालूच होती.

नवरा गेल्यावर घरात काढायची इद्दत संपली तसं लोक म्हणू लागले, आता घराबाहेर पड, कामाला लाग. अफसाना बाहेर पडली, पण कुठंही गेली तरी मोटर. सकाळी शेजारच्या बिल्डिंगची, दुपारी हॉटेलची, संध्याकाळी टँकरची. ती घूंऽऽ सुरू झाली की हातातलं काम टाकून ती रस्त्यावर यायची. ती आधी ज्या बंगल्यात स्वयंपाक करायची तिथं पुन्हा गेली, पण पहिल्याच दिवशी कणीक परातीत तशीच सोडून परत आली.

त्या बंगल्यात भागुबाई झाडलोट करायची. ती वडिवळ्याची. एक दिवस घरी आली, चहा प्यायली आणि म्हणाली, "आमच्या वरल्या अंगाला मातीवाले ऱ्हात्यात. तितं मोटर न्हाई बघ. इहिरीचं पाणी हातानं व्हडत्यात. फॅन न्हाई, मिक्सर न्हाई. लोक शिकाया येत्यात, ऱ्हात्यात, राबत्यात. तू बी जा की."

"मला कोण घेईल मावशी?"

"अनघाताईला मी सांगते. माझं ऐकती ती."

मदिनाला हे पसंत नव्हतं. "माणूस गेलं म्हणून डोंगरात जाऊन बसायचं? आणि पोरीचं काय?" पण सुनेला रात्र-रात्र भिंतीला टेकून बसलेलं तिनं पाहिलं होतं. शेवटी तिनंच आयराला जवळ घेतलं आणि म्हणाली, "उन्हाळ्यापर्यंत. मग यायचं."

मातीवाल्यांची वस्ती वडिवळ्याच्या वर, भातखाचरं संपून चढ लागतो तिथं आहे. मातीची काही घरं, मध्ये एक मोठी ओसरी, एक विहीर, भाजीचे वाफे. दहा-बारा माणसं कायमची, बाकीची तीन-तीन महिने राहून जाणारी. अनघा आणि तिचा नवरा बजरंग यांनी हे सुरू केलं. ती पुण्याची, बँकेतली नोकरी सोडून आलेली. तो इथलाच, जमीन त्याची. तीन वर्षांपूर्वी बजरंग वारला, तेव्हापासून अनघा एकटीच बघते. पन्नाशीची, काटकुळी, कमी बोलणारी बाई.

पहिले दिवस अफसानाला जड गेले. संडासात पाणी नाही, वरून राख आणि भुसा टाकायचा, हे ऐकून ती थेट अनघाकडे गेली. "ताई, पाण्याशिवाय मला जमायचं नाही. नमाज असते माझी," ती मान खाली घालून म्हणाली. अनघानं दुसऱ्याच दिवशी संडासाच्या बाजूला एक दगड बसवून घेतला. "तांब्या घेऊन जा. पाणी वेगळं निघेल, केळीला जाईल. नमाजाआधी हातपाय धुऊन वजू करशील ते पुदिन्याच्या वाफ्यात कर." विषय संपला.

हळूहळू हात वळले. भांडी राखेनं, केस रिठ्यानं. ओला कचरा खड्ड्यात घालताना वाळका पाला किती हवा, खड्डा कधी हलवायचा, त्यात हात घातला की ऊब लागते ती चांगली की वाईट. ती आधी नाक मुरडायची, मग आपणहून वाकून बघू लागली. भागुबाई बंगल्याच्या कामाला सुट्टी असेल त्या दिवशी येऊन सगळ्यांना माती मळायला शिकवायची. लाल माती, भाताचं तूस, शेण, वर गुळाचं पाणी. चार-पाच जणांनी खड्ड्यात उतरून तुडवायचं. थंडीत ती माती पायाला बर्फासारखी लागायची. अफसानाला तेच काम सगळ्यांत आवडायचं. पाय बधिर झाले की डोकंही गप्प व्हायचं.

असंच एकदा जेवणानंतर ती ओढ्याच्या बाजूनं पाणी घेऊन येत होती आणि तिला मोटर ऐकू आली.

बारीक, एका सुरात. ती थांबली. घागर खाली ठेवली. आवाज थांबला नाही.

ओसरीत येऊन तिनं विचारलं, "कुणी मोटर आणलीय का?" सगळे तिच्याकडे बघू लागले. एकजण म्हणाला, "खाली गावातली असेल." पण गाव खूप खाली होतं आणि आवाज वरून येत होता. ती घागर आणायला परत गेली. आपल्याबरोबरच आली असेल, तिला वाटलं. माणूस घर सोडतो, पण अशा गोष्टी दार लावून आत ठेवता येत नाहीत.

त्यानंतर उन्हाच्या वेळी तो आवाज येऊ लागला. रोज नाही. आणि एकदा माती तुडवत असताना वास आला, क्लोरीनचा. इतका जवळून की तिनं मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. वस्तीत ब्लीचिंग पावडरीचा एक कण नव्हता, अनघा आणूच द्यायची नाही. अफसाना खड्ड्यातून बाहेर आली, पाय न धुताच आपल्या खोलीत जाऊन बसली. तिला भीती वाटली असं नाही. तो आला आणि आपण काही बोललो नाही, असं वाटत राहिलं.

आवाजाचा माग काढायचं तिनं ठरवलं. एका दुपारी तो सुरू होताच ती त्या दिशेनं चढू लागली. वस्तीच्या टोकाला एक अर्धवट खोली होती. कौलं चढलेली, दार नाही, पश्चिमेच्या भिंतीचा गिलावा अर्धवट. तिथं कुणी जायचं नाही. नव्या आलेल्यांना सांगितलेलंच असायचं, ती खोली सोडून बाकी कुठंही काम करा.

जवळ गेली तसा आवाज वाढला. भिंतीतून येत होता. अफसानानं भिंतीला कान लावला. आत, मातीच्या आत, ते घोंघावत होतं.

आणि तेव्हा तिला भिंतीवरचे हात दिसले. गिलाव्याचा पहिला थर छातीच्या उंचीपर्यंत दिलेला, आणि त्यात पंजे उमटलेले. मोठे, रुंद, पुरुषाचे. एकावर एक, ओढत नेलेले. एका जागी अंगठ्याच्या रेषासुद्धा स्पष्ट. वरच्या अंगाला थर अचानक संपला होता, जणू त्या माणसाला कुणी हाक मारली होती.

"बजरंगचे आहेत," मागून अनघा म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली कळलं नव्हतं. "इथंवर लिंपून हात धुवायला ओढ्यावर गेला. तिथंच बसल्या जागी गेला."

अफसानानं भिंतीकडे बोट केलं. "ताई, आत काहीतरी वाजतंय."

"मला माहीत नाही," अनघा म्हणाली. "मी इतक्या जवळ कधी जात नाही."

दुसऱ्या दिवशी भागुबाई आली. तिनं भिंतीभोवती एक फेरी मारली, पायाजवळच्या एका फटीकडे बोट केलं. त्यातून बारक्या काळसर माश्या आत-बाहेर करत होत्या. "मोटर कसली गं! मोहळ हाय त्ये. सातेरी माश्या. भितीत पोकळी ऱ्हायली आसंल, तितं बसल्यात." मग तिनं भिंतीच्या खालच्या अंगाला नख लावलं. माती भुरुभुरु गळली. "पर ताई, ही भित काय टिकत न्हाई. दर पावसात खात आलीया. औंदा लिंपली न्हाई तर बसंल."

अनघा वाफ्यांकडे निघून गेली.

माश्या आहेत हे कळल्यावर अफसानाला हलकं वाटायला हवं होतं. पण ओढ्यावरून तो आवाज ऐकू येणं शक्य नव्हतं. तिनं मुद्दाम जाऊन पाहिलं. ओढ्यावर पाण्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. आणि त्या वासाचं काय, ते कुणालाच विचारता येण्यासारखं नव्हतं.

अनघाचं मात्र तिला कळलं. लिंपली तर बजरंगचे हात झाकले जाणार. नाही लिंपली तर भिंतीबरोबर तेही वाहून जाणार. दर पावसाळ्यात ती बाई ओसरीत बसून हे होताना बघत आली होती.

होळीनंतर ऊन तापलं तेव्हा एका सकाळी अनघा तिच्या खोलीच्या दारात आली. "आज माती मळू. त्या भिंतीची."

"तुम्ही लिंपणार?"

"नाही. माझ्यानं होणार नाही. तू लिंप. मी कालवून देते."

दोघींनीच काम केलं. अनघानं माती तुडवली, गोळे करून दिले. अफसानानं भिंत ओली केली. तिनं पहिला गोळा हातात घेतला. समोर पंजा होता, पाची बोटं पसरलेला. ती मनात बिस्मिल्ला म्हणाली आणि त्यावर आपला तळवा दाबला. माती आत गेली, खाचेखाचेत भरली. तिचा हात त्या हातात मावून वर जागा उरत होती.

काम करता करताच तिनं सांगितलं. कुणालाही न सांगितलेलं. मदिनालाही नाही.

"त्या दिवशी मी फोन केला होता त्यांना. येताना दही आणा म्हणायला. मागं मोटर घोंघावत होती. ते म्हणाले, काय म्हणतेस कळत नाही, थांब, मोटर बंद करून येतो. मी थांबले. फोन कानालाच धरून होते. मोटर काही बंद झाली नाही." ती भिंतीकडे बघत राहिली. "दह्यासाठी, ताई. घरात ताक होतं."

अनघानं हातातली माती खाली ठेवली. उन्हात माश्या फटीशी जमल्या होत्या. तेवढी जागा अफसानानं सोडली होती.

"तुझं ऐकायला म्हणून गेला ना तो," अनघा म्हणाली. "आम्ही त्या दिवशी सकाळपासून एकमेकांशी बोललो नव्हतो. मी ऐकतच नव्हते त्याचं."

ते ऐकून अफसानाला बरं वाटलं असं नाही. रडूही आलं नाही. पण अनघानं आणखी काही समजूत घातली नाही, हे तिला फार मोठं वाटलं. दोघी पुन्हा कामाला लागल्या. संध्याकाळपर्यंत शेवटचा पंजा मातीखाली गेला. अनघा मागं सरून भिंतीकडे बघत म्हणाली, "आत आहे आता," आणि ओढ्याकडे न जाता विहिरीवर हात धुवायला गेली.

एप्रिलच्या शेवटी माश्या उठल्या. भर दुपारी फटीतून धूर निघावा तशा बाहेर पडल्या, आंब्याभोवती घुमल्या आणि डोंगरापलीकडे गेल्या. भिंत गप्प झाली. त्या दिवशी अफसाना जेवली नाही. ती खोलीत जाऊन बसली, बराच वेळ. ती जे टाळायला इतक्या लांब आली होती ते गेलं होतं. आता त्या शांततेत बसायला माणूस हवं असं तिला वाटलं. तिनं वाट चढून जिथं रेंज येते तिथं जाऊन मदिनाला फोन केला. "अम्मी, तुम्हीच या. आयराला घेऊन. सुट्टी आहे ना."

मदिना आणि आयरा कामशेतला उतरल्या, तिथून रिक्षानं आल्या. आयराला पोचताच मातीचा खड्डा सापडला आणि ती पुन्हा वर यायला तयार होईना. मदिनानं संडासाचं दार उघडून पाहिलं, बंद केलं, आणि "मी संध्याकाळपर्यंतच आहे" असं जाहीर केलं. पण ती सुट्टीभर राहिली. बजरंगच्या त्या खोलीला आता दार बसलं होतं आणि अनघानं ती अफसानाला दिली होती, हवे तितके दिवस. पुढं ते दिवस लांबले. जूनमध्ये आयराचं नाव कामशेतच्या शाळेत घातलं. आता अफसाना भागुबाईबरोबर आसपासच्या गावांत लिंपणाची कामं घेते आणि महिन्यातून एकदा वलवणला जाऊन सासूला भेटून येते. शेजारची मोटर लागली की अजून तिचं बोलणं तुटतं. मग ती बंद होईपर्यंत दोघी गप्प बसून राहतात.

पण मदिना आली त्या पहिल्या दिवसाचं सांगायचं राहिलं. उन्हं कलली होती. मदिना उंबऱ्यावर बसून कैऱ्यांच्या फोडी करत होती. खोलीत गारवा होता. तिनं मागं वळून भिंतीकडे बघितलं, छताकडे बघितलं, आणि लेक गेल्यापासून पहिल्यांदाच त्याचं नाव काढलं.

"शाहबाजला आवडलं असतं का गं इथं?"

अफसानानं विचार केला. खरं ते सांगावं असं ठरवून म्हणाली, "नाही अम्मी. त्यांना टीव्ही लागायचा."

मदिनाचा हात विळीवर थांबला. मग तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती की रडत होती, ते अफसानाला मागून कळेना. तिनं पुढं होऊन तिच्या शेजारी उंबऱ्यावर जागा केली आणि उरलेल्या कैऱ्या आपल्याकडे ओढून घेतल्या.