फलाटावरचे शिंगाडे

गोंदिया सोडलं की पहिलंच स्टेशन आमचं, अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीचं. ते बांधताना फलाटाला माती हवी होती, म्हणून माझ्या सासऱ्यांच्या बोडीची, म्हणजे तळ्याची, पाळ खणून नेली आणि निम्मं पाणी वाहून गेलं. सासरे म्हणत, "आमाले वाटलं, गाव मोठा होईन." उरलेल्या पाण्यात शिंगाडे लागत. लग्न होऊन आले तेव्हापासून ते उकडून मी फलाटावर विकत असे. माझा नवरा तिथेच रेल्वेत खलाशी होता, स्टेशनावर पडेल ते काम करणारा.

हिवाळ्यात गाडी थांबली की खिडक्यांतून हात बाहेर यायचे. बाजाराला निघालेल्या बाया लांबूनच हाका मारायच्या. खोटं कशाला सांगू, स्टेशन आपलंच आहे असं मला वाटायचं.

मग चहा-फराळाचा ठेका निघाला. ठेकेदार परमुलखातला, हिंदी बोलणारा. त्याने टपरी टाकली आणि पहिल्याच आठवड्यात मोठ्या बाबूचे, म्हणजे स्टेशनमास्तरचे, कान भरले.

दुपारची गाडी यायची होती. नवरा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "ऊठ. आता इथं बसाचं नाही."

"काऊन जी?"

"बाबूनं सांगतलन."

"काल त त्यानंच माह्या टोपलीतले शिंगाडे खाल्लन."

"ऊठ म्हणून राहिलो ना!"

मी उठले नाही. गाडी आत आली. बाबू ऑफिसच्या दारात उभा होता, ठेकेदार टपरीत. नवऱ्याने दोघांकडे पाहिलं, टोपली उचलली आणि तारेच्या कुंपणापलीकडे भिरकावली. शिंगाडे मात्र फलाटभर सांडले. उतरलेल्या लोकांनी ते वेचले आणि सोलून खात निघून गेले. मला रोज हाक मारणारी एक बाईही त्यात होती.

ठेकेदार हसून बाबूला म्हणाला, "अच्छा आदमी है."

त्या रात्री नवरा जेवला आणि झोपला.

चार-सहा दिवसांनी तो म्हणाला, "शिंगाडे सडून जातीन. ठेकेदार घ्याले तयार आहे." मी दिले. काय करणार होते? तेच शिंगाडे मी उकडायची, नवरा पोचवायचा आणि टपरीत ते दुपटीने विकले जायचे. नवऱ्याला बढती मिळाली, राहायला क्वार्टर मिळालं. क्वार्टरच्या दारातून टपरी समोरच दिसे. मी दार लावून घेऊन स्वयंपाक करायची. लोक म्हणायचे, हिनं नशीब काढलं.

इंग्रज जायच्या थोडं आधी तो निवृत्त झाला. क्वार्टर सोडायच्या दिवशी त्याने धुतलेला सदरा घातला होता. बैलगाडीत सामान भरलं तरी तो ऑफिसच्या दाराकडे बघत राहिला. आत माणसं होती. कोणी बाहेर आलं नाही.

"कोणी आलन नाही वो," तो मला म्हणाला.

त्याला धीर देणारं काही बोलावं असं क्षणभर वाटलं. पण भिरकावलेली टोपली आठवली आणि ओठांवर आलं ते वेगळंच.

"त्यायचा गाडीचा टाइम आहे," मी म्हटलं. "बसा आता."

तो बसला.