दार राहिलेलं घर

गोव्यात चोपड्याच्या चढावर, नदीकडे तोंड करून एक घर आहे. त्याहून मोठी कामं मी पुढे केली. शाळा केल्या, बँकेची इमारत केली. पण कोणी विचारलं की तुमचं खरं काम कुठलं, तर माझ्या तोंडी आधी हेच येतं. बरेच महिने त्या घराला सगळं होतं, फक्त पुढचं दार नव्हतं.

मी तेव्हा डिचोलीच्या एका कंत्राटदाराकडे होतो. मूळचा तेरेखोलच्या पलीकडचा, सिंधुदुर्गातला. मालकांनी माझ्या नावाची कार्डं छापून घेतली आणि त्यांवर ‘प्रोजेक्ट मॅनेजर’ असं ठसठशीत घातलं. त्याचा अर्थ एवढाच, की चिऱ्यांचा ट्रक चढावर अडला की लोकांनी कुणाच्या नावाने बोंब मारायची ते ठरलं. रेती, सेंटरिंगच्या फळ्या, गवंड्यांचे रुसवे, दहाच्या चहाबरोबरचे उंडे पाव, सगळं माझ्याच डोक्यावर. माझा स्वभाव असा की काम अर्धवट दिसलं तर जेवण गोड लागत नाही. या धंद्यात तो गुणही आणि रोगही.

घराचा धनी बहारीनला होता. घरी त्याची बायको, आमच्या वहिनी, आणि म्हातारी आई. पत्र लिहिण्याचा त्याला कंटाळा. तो कॅसेट पाठवायचा. गावचा कोणी सुटीवर आला की त्याच्यासोबत कॅसेट यायची. मग वहिनी टेपरेकॉर्डर घेऊन कामावर यायच्या, चिऱ्यांच्या चवडीवर तो ठेवायच्या आणि बटण दाबायच्या. गवंडी, बिगारी, सगळे हातातलं टाकून बसायचे. मी घड्याळ बघत उभा.

“बाल्कांव मातसो व्हड करा,” धन्याचा आवाज यायचा. “सांजवेळा बसल्यार न्हंय दिसूंक जाय.”

नदी दिसावी म्हणून आम्ही ओसरी वाढवली. पुढच्या कॅसेटमध्ये जनेलांना, म्हणजे खिडक्यांना, कमानी आल्या. त्यापुढच्या कॅसेटमध्ये वर एक खोली, सोयरे आले तर. दर वेळी शेवटी तेच वाक्य: अमुक एवढं झालं की मी येतोच. आणि अमुक एवढं व्हायचं म्हणजे तिकडचं कंत्राट त्याला वाढवून घ्यावं लागायचं. माझे मालक खूश होते. असं गिऱ्हाईक देवाने दर वर्षी द्यावं, म्हणायचे. वहिनी टेप बंद करून कॅसेट पदराने पुसायच्या आणि घेऊन जायच्या. एकदा जाताना मला म्हणाल्या, “घर वाडटा तितलें तांचें येवप फुडें वता, बाब.” घर वाढतं तसं येणं लांबतं, हे मलाही दिसत होतं. मी मान हलवली आणि सिमेंट आलं का ते बघायला गेलो.

दाराची गोष्ट त्याआधीच सुरू झाली होती. आमच्याकडे पुढच्या दाराची चौकट म्हणजे नुसती लाकडाची नव्हे. भिंती कमरेएवढ्या झाल्या की मुहूर्त बघून ती उभी करतात. उंबऱ्याखालच्या खळग्यात हळदकुंकू, तांब्याचं नाणं, सोन्याचा कण घालतात, आणि घरच्या जोडप्याने पूजेला बसायचं असतं. घरधनी परदेशात असला तर भावकीतलं कोणीतरी जोडपं बसतं. त्यात नवं काही नाही. तसं एक जोडपं ठरलं होतं. भटजी आले, फणसाची चौकट उंबऱ्यासकट तयार होती, चुलतदीर आणि जाऊ नटूनथटून पाटावर बसायला आली. आणि वहिनी आडव्या उभ्या राहिल्या.

“म्हज्या घराचो उंबरो दुसऱ्या बायलेन कित्याक पुजचो? घरकार येतलो तेन्ना बसयतलीं.”

नवरा येईल तेव्हाच चौकट बसवायची, हा त्यांचा हट्ट. सासूने समजावलं, भटजींनी समजावलं. मीही माझ्या परीने अक्कल पाजळली, की चौकट नंतर बसवली तर भिंतीशी सांधा नीट जुळत नाही. त्या म्हणाल्या, “तो तुमी जुळयात. तुमचें कामच तें.” भटजी जेवून गेले. चौकट गोणपाटात गुंडाळून मागच्या सामानाच्या शेडमध्ये ठेवली आणि मी दाराएवढी जागा मोकळी सोडून वर काँक्रीटचं आडवं लिंटल टाकलं.

मग त्या भोकाभोवती घर वाढत गेलं. भिंती झाल्या, स्लॅब पडला, वरची खोली झाली, गिलावा झाला. समोर मात्र पत्रा लावलेला. माझ्या गावाकडचा गवंडी रोज एकदा तरी म्हणायचा, “साहेबांनू, दार नाय तां घर कसलां?” चौकटीला वाळवी लागू नये म्हणून मी तिला अधूनमधून तेल द्यायचो. मनातून त्या बाईचा राग यायचा. काम संपवून हिशेब चुकता करता येत नव्हता, म्हणून राग.

ते दिवसही विचित्र होते. गोव्याचं वेगळं राज्य नुकतंच झालं होतं, मराठी की कोंकणी हा वाद पुरता निवला नव्हता. आमच्या कुंपणाच्या भिंतीचा चुना वाळायच्या आत कोणी एका बाजूची घोषणा लिहून गेलं. आम्ही पुसली तर दुसऱ्या बाजूची आली. पुढच्या कॅसेटमध्ये धनी विचारत होता, “आमचें राज्य जालें म्हण आयकलां. घराचें खंय पावलें?” सगळे हसले. वहिनी हसल्या नाहीत. कारण त्यापुढे तो म्हणाला होता, वर आणखी एक मजला घालू, मग येतोच.

त्या दिवशी त्यांनी टेपमध्ये कोरी कॅसेट घातली आणि यंत्र माझ्यासमोर धरलं. “तुमी सांगात. म्हजें ते आयकनात.”

यंत्राशी बोलायची मला सवय नव्हती. घसा खाकरला. मग म्हणालो, “घर झालं आहे. वर मजला चढवता येईल, पाया मजबूत आहे, खोटं सांगत नाही. पण पुढच्या दाराची जागा अजून रिकामी आहे. ती भरायचं सामान माझ्याकडे नाही. ते तुमच्याकडे आहे.”

मालकांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते भडकले. “तू माझा माणूस की तिचा?” हातचा एक मजला मी घालवला होता, हे मला कळत होतं. पण त्या रात्री, कितीतरी दिवसांनी, जेवण गोड लागलं.

पावसाळा सरल्यावर धनी आला. आवाजावरून मी उंच माणूस धरला होता. निघाला बुटका, पुढून टक्कल पडलेला. पत्रा काढला, गोणपाट सोडलं. दोघं शेजारी पाटांवर बसली. भटजींनी खळग्यात नाणं आणि सोन्याचा कण टाकला. तेवढ्यात वहिनी उठल्या आणि आतून बिस्किटांचा एक डबा घेऊन आल्या. त्यात त्याच्या सगळ्या कॅसेटी होत्या. खळगा पुरेना, तेव्हा गवंड्याला एक चिरा अर्धा फोडायला लावला आणि डबा आत ठेवला.

“हें शास्त्रांत ना,” भटजी म्हणाले.

वहिनींनी नवऱ्याकडे बघत त्याच्या शेजारच्या पाटाकडे बोट केलं. “आतां कितें सांगपाचें आसल्यार हांगा बसून सांगात.”

गवंडी थापीवर सिमेंटचा माल घेऊन माझ्याकडे बघत होता. कामावर हुकूम माझा. मला खरंच काय करावं ते सुचेना. धनी पाटावरून उठला, आत गेला. तो रागावून गेला असं मला वाटलं, वहिनींनाही वाटलं असावं. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात कोऱ्या कॅसेटींचं न फोडलेलं पाकीट होतं, पुढच्या खेपेसाठी तिकडून आणलेलं. वाकून त्याने ते डब्यावर ठेवलं आणि पुन्हा तिच्या शेजारी बसला.

मी गवंड्याला म्हणालो, “माल घाल.”