बोटीवरचे बाबा

माझे वडील बोटीवर असतात, असं मी पहिल्यांदा कधी सांगितलं ते आठवत नाही. का सांगितलं, तेही नीट सांगता येत नाही, आणि हा दुसरा प्रश्न मला अजून सोडत नाही. लाज वाटत होती म्हणून, असं सोपं उत्तर देऊन मोकळं होता येईल. पण लाज वाटायला आधी काहीतरी माहीत असावं लागतं. वडील वारले, निघून गेले, की आईनेच त्यांना सोडलं, यातलं एकही कोणी मला सांगितलेलं नव्हतं.

ही ऐंशीच्या दशकातली, ठाण्याजवळच्या बाळकुमची गोष्ट. आज तिथे टॉवर उभे आहेत. तेव्हा खाडीचा चिखल होता, वाळत घातलेली जाळी होती आणि कोळ्यांनी घरामागे भाडेकरूंसाठी काढलेल्या खोल्या होत्या. त्यातल्या एका खोलीत आई आणि मी. आई ठाण्यात बल्बच्या कंपनीत जायची. मी उठायच्या आत निघायची, दिवेलागणीला यायची आणि भिंतीला पाठ टेकून डोळे मिटून बसायची. मारायची नाही, रागवायची नाही, बोलायचीच नाही. किल्ली माझ्या गळ्यात, भात पातेल्यात. भिंतीवर बुद्धांचा फोटो होता आणि त्याच्याशेजारी एक रिकामा खिळा. तिथे पूर्वी वडिलांचा फोटो असणार, असं मी ठरवून टाकलं होतं. आई त्या खिळ्याला रेशनची पिशवी अडकवायची.

शाळेत मी वडिलांना दुबईला धाडलं होतं. वाण्याच्या दुकानात ते मिलिटरीत होते. घरमालकीणबाईंकडे बोटीवर. एका गोष्टीचा दुसरीशी मेळ नव्हता, तरी मी कधी पकडले गेले नाही. पकडायचं तर आधी कोणीतरी माझ्याकडे लक्ष द्यायला हवं होतं ना.

दुबई आणि मिलिटरी लवकरच विरून गेली. बोट टिकली, कारण घरमालकीण प्रश्न विचारायची. ती म्हातारी कोळीण होती, मी तिला आजी म्हणायचे. ओट्यावर मासळी साफ करता करता ती विचारायची, “बोटीव काय खातो गो तुजा बापूस?”

“भात. आणि अंडी.”

“मावरा नाय?”

“हो, मासे पण.”

“आनि तू काय खाल्लंस?”

इथे मी गळ्यातल्या किल्लीशी चाळा करत बसायचे. मग तांदळाची भाकरी आणि कालवण पुढ्यात यायचं. वडील नाहीत म्हटलं की समोरचा माणूस चुकचुकायचा आणि विषय संपायचा. बोटीवरच्या बाबांचा विषय संपत नसे, आणि त्यांची चौकशी करता करता कोणीतरी माझ्यापर्यंत येऊन पोचायचं. म्हणून मी ते बाबा तयार केले असावेत. असं आज वाटतं. तेव्हा कदाचित मला नुसतं कालवण हवं असेल.

नारळी पौर्णिमेला आजीने मला हाक मारली आणि सोनेरी कागद लावलेला एक नारळ माझ्या हातात ठेवला. “ह्यो तुज्या बापसाचा. घरचा मानूस पान्याव हाय आनि घरातून नारळ नाय, आसा चालल काय?”

आमच्याकडे नवस, नारळ, देवदेव काही नव्हतं. आईने ते एकदा स्पष्ट सांगितलं होतं, आणि ती इतकं थोडं बोलायची की बोललेलं सगळं लक्षात राहायचं. तरी मी नारळ घेतला. नटूनथटून निघालेल्या बायकांच्या घोळक्यात, बँडच्या मागे, खाडीवर गेले. त्या आपापल्या खऱ्या माणसांसाठी हात जोडत होत्या. मला भीती वाटत होती की खाडीला कळेल. शिवाय मागायचं काय, तेच समजेना. जो बोटीवर नाहीच तो सुखरूप परत येऊ दे, असं कसं म्हणायचं? शेवटी नुसतं “येऊ दे” म्हटलं आणि नारळ सोडला.

परत आलो तर आई दारात उभी. आजी कौतुकाने म्हणाली, “पोरीनं बापसाचा नारळ दिला गो. कवा यायची त्याची बोट?”

संपलं, असं मला वाटलं. भाकरी, ओटा, आजी, सगळंच. आईने माझ्या भिजलेल्या फ्रॉककडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, “दिवाळीत येतो म्हणालेत.” मग आत वळता वळता, “पण त्यांना पाणी सोसत नाही हो. पहिल्यापासूनच. साध्या होडीत बसले तरी मळमळतं.”

खोलीत येऊन तिने माझे पाय पुसले. मी पार गोंधळून गेले. म्हणालेत? कोणाला म्हणाले? बोट माझी, बाबा माझे, मीच केलेले. ते आईशी कसे बोलले? की मी अंदाजाने जे सांगत होते ते खरंच निघालं?

दिवाळीपर्यंत मी वाट पाहिली. स्वतःच रचलेल्या माणसाची अशी वाट कोणी पाहतं का, मला माहीत नाही. दिवाळी आली आणि गेली. आजीने विचारलं तेव्हा आई म्हणाली, “बोटीचं काम निघालंय, लांबलं.” मी ओट्यावर बसून रडले. आईचा मला भयंकर राग आला. खोटं माझं मी बोलत होते, तिने त्यात दिवाळी कशाला घातली?

नव्वदीत आम्ही डोंबिवलीला राहायला गेलो. तिथल्या बिल्डिंगीत दारं बंद असायची, वडिलांबद्दल कोणी विचारत नसे. माझ्या गोष्टी आपोआप थांबल्या. आईकडे मी तो विषय कधी काढला नाही, तिनेही नाही.

कॉलेजच्या सहलीला आम्ही लाँचमधून अलिबागला गेलो. धक्का सुटला न सुटला तोच मला उलट्या सुरू झाल्या, त्या पलीकडे उतरेपर्यंत. मैत्रिणी पाठ चोळत होत्या. आणखीही काही मुली ओकत होत्या, म्हणजे यात विशेष काही नव्हतं. तरी येताना सगळ्या रस्त्याने माझ्या डोक्यात आईचं तेवढंच वाक्य होतं: त्यांना पाणी सोसत नाही.

संध्याकाळी घरी आले. आई भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून बसलेली. मी म्हटलं, “मला बोट लागली.”

“लागणारच,” ती म्हणाली, आणि लिंबू चिरायला उठली.