फोमच्या हरणाचा माग

सिंगापुरात हरणाची शिकार करता येत नाही, धनुष्यबाणानं तर नाहीच नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण आईनं हा प्रसंग जिथे जिथे सांगितला तिथे तिथे लोकांनी माझ्याकडे जरा मागे सरकून पाहिलं. माझं हरीण फोमचं होतं. उंची माझ्या कमरेइतकी, रंग तपकिरी, आणि एक कान कुणीतरी चुकून उलटा चिकटवलेला.

तेव्हा मला हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग ऑफिसात लागून वर्षही झालं नव्हतं. तिथे सगळे दुपारी एकत्र जेवायचे आणि वीकेंडला काय केलं ते एकमेकांना विचारायचे. मी रविवारी एका क्लबात तिरंदाजी सुरू केली ती या प्रश्नाला उत्तर असावं म्हणून. पण खेळ मला मनापासून आवडला. नेम धरताना बोलायला मनाई असते. बाण काढायला जाताना सगळे एका ओळीत, समोर बघत चालतात. माझ्यासारखीला याहून सोयीचा खेळ कुठला?

आमचे कोच सत्तरीचे होते. सगळे त्यांना अंकल म्हणत. तरुणपणी ते काही वर्षं न्यूझीलंडला होते आणि तिथे त्यांनी धनुष्यानं हरणांची शिकार केली होती. त्यांच्या मते, लक्ष्यावरच्या रंगीत गोलांवर बाण मारणं म्हणजे पुस्तकातून पोहणं शिकणं. म्हणून त्यांनी आमच्यातल्या चौघांसाठी ‘शिकारीचा वर्ग’ सुरू केला होता. त्यांचं बोलणं मी इथे मराठीत लिहिते आहे. प्रत्येक वाक्याच्या शेवटी सिंगापुरी बोलण्यातला एक ‘ला’ आहे असं वाचणाऱ्यांनी समजून घ्यावं.

वर्गाचे नियम पांढऱ्या बोर्डावर लिहिलेले असत. बाण लागला की लगेच मागे धावायचं नाही. जखमी हरणाला कुणी पाठीमागे येतंय असं वाटलं तर ते भीतीच्या जोरावर मैलभर पळतं. एकटं सोडलं तर जवळच कुठेतरी बसून राहतं. म्हणून अर्धा तास थांबायचं. मग रक्ताचे थेंब शोधत जायचं, थेंबांवर पाय द्यायचा नाही, आणि शेवटचा थेंब सापडला तिथे खूण ठेवून पुढचा शोधायचा. सगळ्यात खाली लाल मार्करनं लिहिलं होतं : ज्याला आपलं जखमी जनावर सापडलं नाही, त्यानं धनुष्य खाली ठेवायचं.

याचा क्लबातला अर्थ असा की धनुष्य वर्षभर कपाटात, कुलपात. आणि परत यायचं ते नवशिक्यांच्या बॅचमधून. त्या बॅचचा पहिला दिवस गोल करून बसण्याचा असतो. प्रत्येकानं आपलं नाव आणि आपल्याबद्दलची एक गमतीदार गोष्ट सांगायची. ते मी एकदा केलं होतं. माझी गमतीदार गोष्ट ‘मला गमतीदार गोष्टी येत नाहीत’ अशी होती आणि कुणीही हसलं नव्हतं. त्या गोलात पुन्हा बसायचं नाही, एवढं माझं ठरलेलं होतं.

माझ्या परीक्षेच्या रविवारी बाकीचे तिघे आले नाहीत. मैदानावर मी, अंकल आणि हरीण. परीक्षा अशी की मी बाण मारायचा, मग पाठ फिरवून उभं राहायचं. अंकल हरीण उचलून कुठेतरी लपवणार, आणि जाताना रक्त म्हणून गुलाबाचं लाल सरबत थेंब थेंब सांडत जाणार. अर्ध्या तासानं मी माग काढायचा.

मी नेम खांद्यामागे धरला. बाण पोटात लागला.

अंकलनी डोळे मिटले. “पोटात.”

“सॉरी,” मी म्हटलं.

“मला नको म्हणूस. त्याला म्हण.”

मी हरणाला सॉरी म्हटलं. एकांत होता म्हणून जमलं.

“पोटात लागलं तर खरं म्हणजे सहा तास थांबावं लागतं,” अंकल म्हणाले. “पण मैदान आपल्याकडे एकपर्यंतच आहे. अर्धा तास थांबू.”

मी पाठ फिरवली. ते हरीण काखेत मारून गेले आणि दहा मिनिटांनी परत आले. मी काही विचारलं नाही, पण त्यांचे बूट पाहिले. घोट्यापर्यंत ओले आणि वर हिरवट शेवाळ. म्हणजे हरीण मैदानाच्या खालच्या टोकाला, कालव्याच्या उतारावर होतं. मग मी आकाश पाहिलं. कालव्याच्या वरच्या बाजूला ते वांग्याच्या सालीच्या रंगाचं झालं होतं.

इथे कालव्याला पाणी चढायला वेळ लागत नाही. हे अंकलना माहीत असणारच, मला वाटलं. आणि बूट बघून जागा ओळखली असं सांगणं म्हणजे कॉपी केल्याची कबुली देण्यासारखं. शिवाय मध्येच बोलायचं तर सुरुवात कशी करायची? “अंकल, एक मिनिट” की “एक्सक्यूज मी”? मी मनात दोन-तीन वाक्यं जुळवली. तेवढ्यात विजांचा इशारा देणारा भोंगा वाजला आणि आम्ही छपराखाली पळालो.

पाऊस असा आला की समोरचं मैदान दिसेना. अंकल घड्याळ बघत शांत बसले होते. “अजून सतरा मिनिटं,” ते म्हणाले. “धीर धरायला शिकायचं. शिकारीत हेच सगळ्यात अवघड.”

मी सतरा मिनिटं धीर धरला.

पाऊस थांबतो न थांबतो तोच आई आली. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात डबा. दर रविवारी क्लबापाशी डबा आणून द्यायची तिची पद्धत होती. नोकरी लागलेल्या मुलीला कुणी डबा आणून देत नाही, असं मी तिला सांगितलं होतं. त्यावर ती “बरं” म्हणाली होती आणि डब्याला एक कप्पा वाढवला होता.

आम्ही तिघं उतारावर गेलो. तिथे पाणीच पाणी होतं. अंकलनी हरीण ज्या झाडाला टेकवून ठेवलं होतं त्या झाडाच्या बुंध्यापर्यंत कालवा आला होता. सरबत धुऊन गेलं होतं. फक्त एका बाकाखाली, जिथे पाऊस पोचला नव्हता, तिथे एक गुलाबी डाग होता आणि त्याभोवती मुंग्यांनी लग्नाची पंगत मांडली होती.

“शेवटचा थेंब,” अंकल हलक्या आवाजात म्हणाले. “खूण.”

खुणेसाठी त्यांनी मला टिश्यू पेपरची पाकिटं दिली होती. मी एक बाकावर ठेवलं.

“काय हरवलंय गं?” आईनं विचारलं.

“हरीण.”

“अगंबाई! जिवंत?”

“फोमचं. मी त्याच्या पोटात बाण मारलाय.”

“पोटात?” आईचा चेहरा पडला. “अगं, पोटात कशाला?”

अंकल पाण्याकडे बघत होते, आणि परीक्षा घेणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर असतो तसला भाव त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता.

“आता काय करायचं?” मी विचारलं.

“हरीण नेहमी पाण्याच्या दिशेनं जातं,” ते म्हणाले. “आपणही जायचं. आणि नियम तोच आहे.”

म्हणजे लाल मार्करचा.

कालव्याच्या कडेनं पायवाट आहे. आम्ही निघालो. अंकल वाकून गवत तपासत होते, आई पदर खोचल्यासारखी ओढणी बांधून पुढे झाली होती, आणि मी मध्ये. समोरून पहिला माणूस आला तो पळायला निघालेला. त्याला विचारायला हवं होतं. मी तोंड उघडलं, त्यानं मान डोलावली, मीही मान डोलावली आणि तो निघून गेला.

“विचारलंस?” आई.

“त्याच्या कानात इअरफोन होते.”

“माझ्या पोटची असून अशी कशी गं तू?” असं म्हणून आईनं पुढच्या पुलावर गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्याला गाठलं. आईचं इंग्रजी पुण्यातून निघालं होतं आणि इथे आल्यावर तिनं त्यात वाटेत सापडेल ते भरलं होतं. “अंकल, यू सॉ डिअर? ब्राऊन कलर. स्टमकमध्ये अ‍ॅरो. माय डॉटर डिड.”

मला कालव्यात उडी मारावीशी वाटली. म्हाताऱ्यानं मात्र जराही आश्चर्य दाखवलं नाही. त्यानं गळ न हलवता हनुवटीनं खालची दिशा दाखवली. “गेलं. उताणं. आरामात.”

“बघा!” आई विजयानं म्हणाली. मग मराठीत माझ्याकडे वळून, “विचारलं तर लोक सांगतात. काही चावत नाहीत.”

मी पुलाच्या कठड्यावर दुसरं पाकीट ठेवलं. पुढे लोखंडी शिडीच्या एका पायरीला तपकिरी फोमचा तुकडा अडकलेला मला दिसला. मी बोट दाखवलं. अंकल गुडघे टेकून बसले, तुकडा उचलला आणि नाकाशी नेला. का, ते मला आजही माहीत नाही.

“कान,” ते म्हणाले. “उलटा लावलेला.”

तिथे मी तिसरं पाकीट ठेवलं. मग पुढे काही नाही. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. कालवा इथून रुंद होत समुद्राकडे जातो. मी मनातल्या मनात नवी गमतीदार गोष्ट जुळवायला लागले. ‘हाय, मी एकदा एक हरीण हरवलं.’ ही पहिल्यापेक्षा बरी होती, पण तरी नको होती.

वळणावर गर्दी दिसली. सफाई कामगारांनी लांब आकड्यानं हरीण बाहेर काढून गवतावर उभं केलं होतं. बाण अजून पोटात होता. एक आजीबाई त्याच्यावर छत्री धरून उभ्या होत्या. दोन मुलं रडत होती, चार माणसं फोटो काढत होती, आणि शेजारच्या काँडो सोसायटीचा सिक्युरिटी गार्ड वही उघडून उभा होता.

“हे कुणी केलं?” त्यानं गर्दीला विचारलं.

आजीबाई म्हणाल्या, “मी प्राण्यांच्या मदतीच्या नंबरला फोन केलाय. बिचारं ओरडतसुद्धा नाही.”

मी आईकडे पाहिलं. एरवी ती माझ्या वतीनं दुकानदाराशी, डॉक्टरांशी, एकदा तर माझ्या ऑफिसच्या रिसेप्शनिस्टशीही बोलली होती. या वेळी तिनं डबा छातीशी धरला. “माझ्याकडे काय बघतेस? मी नाही मारलं हं.”

अंकलकडे पाहिलं. ते गर्दीच्या मागे थांबले होते, हात पाठीशी. त्यांनी मला बोलायला सांगितलं नाही आणि अडवलंही नाही.

मी शाळेत करायचे तसा हात वर केला.

“येस?” गार्ड म्हणाला.

“माझं आहे,” मी म्हटलं. “हरीण. बाण पण.”

सगळे वळले. आजीबाईंनी छत्री हरणावरून काढून माझ्याकडे रोखली. “तू? एवढीशी मुलगी? पोटात?”

“मी खांद्यामागे नेम धरला होता,” मी म्हटलं, आणि मग कसं कोण जाणे, पुढचं सगळं आलं. फोम, परीक्षा, सरबत, अर्धा तास, पाणी, कान. आयुष्यात अनोळखी माणसांशी मी एवढं सलग कधी बोलले नव्हते. रडणाऱ्या मुलांपैकी एकानं हरणाला बोट लावून बघितलं आणि “फेक ला”, म्हणजे नकली, असं इतक्या तिरस्कारानं म्हणाला की गर्दी आपोआप पांगली. आजीबाईंनी मदतीचा फोन रद्द केला, पण जाताना हरणाच्या पाठीवरून हात फिरवूनच गेल्या.

गार्डनं वहीत नाव, वेळ आणि ‘मिळालेली वस्तू’ लिहून घेतली. आईनं वहीत डोकावून ‘डिअर’चं स्पेलिंग तपासलं.

बाण मीच काढला. अंकल म्हणाले, तो ज्यानं मारला त्यानंच काढायचा असतो.

हरीण पाणी पिऊन जड झालं होतं. पुढचे पाय मी धरले, मागचे अंकलनी, आणि आई डोकं सांभाळत होती, कारण मान हलते म्हणून तिला कसंतरी होत होतं. परतीच्या वाटेवर मीच बोलायला सुरुवात केली. आज एवढं बोलून झालंच होतं.

“अंकल, मी ढग आधीच पाहिले होते. आणि तुमचे बूट. हरीण कुठे आहे ते मला कळलं होतं. मी सांगितलं नाही.”

ते चालत राहिले. “माझं एक हरीण हरवलं होतं,” ते म्हणाले. “न्यूझीलंडला. बरोबर एक मोठा शिकारी होता. तो म्हणाला, थांब. मी थांबलो. पाऊस आला, सगळं रक्त धुऊन गेलं. दोन दिवस शोधलं.” मागचे पाय नीट धरत म्हणाले, “तेव्हा ढग मीही पाहिले होते.”

“मग?”

“मग धनुष्य खाली ठेवलं. सिंगापूरला आलो. फोम.”

आईला इंग्रजी सगळं समजलं की नाही ठाऊक नाही. पण तिनं हरणाचं डोकं एका काखेत घेतलं, डब्यातून एक थालीपीठ काढलं आणि चालता चालता अंकलच्या हातात कोंबलं.

आम्ही त्या पहिल्या बाकापाशी आलो, तेव्हा तिथे चार जणांचं एक कुटुंब उभं होतं. बाक रिकामा होता. त्यावर माझं टिश्यूचं पाकीट होतं, इथे हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या आवारात, टेबल राखायला ठेवतात तसं, त्यामुळे कुणी बसायला धजावत नव्हतं. आम्हाला बघून त्यातली बाई जरा रागानंच म्हणाली, “तुमचाच का? केव्हापासून राखून ठेवलाय!” मग तिला हरीण दिसलं आणि ती मुलांना घेऊन लगबगीनं गेली. पाकीट मी उचललं. उरलेली दोन जाऊन आणायला अंकलनी मला परत पाठवलं.

परत आले तर हरीण छपराखाली वाळत होतं, एककानी. अंकल बोर्डासमोर मार्कर घेऊन उभे होते. परीक्षेचं काय झालं, पास की नापास, हे ते शेवटपर्यंत बोलले नाहीत. माझं धनुष्य मात्र कपाटात गेलं नव्हतं, बाकावर होतं, कोरडं पुसलेलं. ‘अर्धा तास थांबा’ या ओळीखाली त्यांनी नवी ओळ लिहिली : ढग दिसले तर सांगा.

आईनं ती मोठ्यानं वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि फोन काढून बोर्डाचा फोटो घेतला.

“कशाला?” मी विचारलं.

“प्रिंट काढून फ्रीजवर लावते,” ती म्हणाली. “तू कपडे वाळत घातलेले असताना नेहमी अशीच गप्प बसतेस.”