लेकीच्या खिडकीतली टेकडी

लेक स्कॉटलंडला राहायला गेली, तेव्हा तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक तांबडी टेकडी दिसायची. व्हिडिओ कॉलवर मला लेकीपेक्षा टेकडीच जास्त दिसे, कारण फोन ओट्यावर टेकवून बाईसाहेब कामाला लागायच्या.

टेकडी कसली, उकिरडा! व्हिक्टोरिया राणीच्या काळात तिथे एक प्रकारचा दगड भट्टीत भाजून दिव्याचं तेल काढत आणि भाजलेला दगड बाहेर ओतत. मग अमेरिकेतून विहिरींचं स्वस्त तेल आलं, आणि कारखाना थोड्याच वर्षांत बंद पडला. कामगारांच्या चाळीही पाडल्या. हे सगळं मी वारज्यात एकटा बसून शोधून काढलं. माझ्या गॅलरीतूनही एक टेकडी दिसते, पण तिची चौकशी मी कधी केली नाही.

हल्ली लेक ऑफिसला जाताना गाडीतून नुसता फोन करते. परवा तिला टेकडीचा सगळा इतिहास ऐकवला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "बाबा, ते घर आम्ही दिवाळीतच सोडलं. तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं."

म्हणजे इतके दिवस त्या टेकडीपाशी मी एकटाच राहत होतो.